'चक्कर येते' म्हणजे नेमकं काय होतं?
हृदयविकार असताना डोक्याला मार बसला आणि त्रास रेंगाळला, तर काय सांभाळायचं

खानापूर तालुक्यातले एक निवृत्त गुरुजी डोळ्यांसमोर आणा. वय ६४. तीन वर्षांपूर्वी कोल्हापुरात अँजिओप्लास्टी होऊन एक स्टेंट बसलेला. पुढे हृदयाचे ठोके अनियमित पडू लागले, म्हणून बेळगावच्या डॉक्टरांनी रक्त पातळ करणारी गोळी सुरू केली. चवथीला लेकीकडे म्हापशाला गेले असताना पावसाने भिजलेल्या चिऱ्यांच्या पायरीवरून पाय सरकला आणि डोकं मागच्या बाजूने आपटलं. काही क्षण काय झालं ते त्यांना आठवतच नाही. जावयाने लगेच दवाखान्यात नेलं, सीटी स्कॅन झाला, एक रात्र देखरेखीखाली ठेवलं. "आत रक्तस्राव नाही, काळजीचं कारण नाही," असं सांगून दुसऱ्या दिवशी घरी सोडलं.

तीन आठवडे झाले तरी गुरुजींचं काही ठीक नाही. डोकं दुखतं, उजेड सहन होत नाही, पेपरच्या चार ओळी वाचल्या की डोळे शिणतात. उठताना चक्कर येते, मध्येच छातीत धडधडतं, रात्री झोप नाही. गुरुजींना वाटतं हृदयाचं दुखणं परत आलं. काकूंना वाटतं डोक्यातलंच काहीतरी राहिलंय. शेजारचे एक जण सांगून गेले, "ती रक्त पातळ करणारी गोळी आधी बंद करा, डोक्यात रक्त उतरेल."

गुरुजी काल्पनिक आहेत. पण उपचार एका राज्यात, लेक दुसऱ्या राज्यात आणि औषधांचं दुकान तिसऱ्या गावात, ही कथा सीमाभागात काल्पनिक नाही. आणि शेजाऱ्याचा तो सल्ला तर घरोघरी दिला जातो. या सगळ्या गोंधळात तोच सर्वांत घातक आहे.

स्कॅन नॉर्मल, मग त्रास कशाचा?

डोक्याला जोराचा हिसका बसला की कवटीच्या आत मेंदू हलतो. त्यातले बारीक तंतू ताणले जातात, पेशींचा क्षारांचा आणि ऊर्जेचा हिशेब काही काळ बिघडतो. याला डॉक्टर कन्कशन म्हणतात. आपण मेंदूला बसलेला हादरा म्हणू. बेशुद्ध पडलंच पाहिजे असं नाही. सीटी स्कॅनमध्ये रक्त दिसतं, हाड मोडलेलं दिसतं, पण हा बिघाड दिसत नाही. स्कॅन नॉर्मल आला याचा अर्थ जिवावरचा धोका त्या घडीला दिसला नाही, एवढाच. "काहीच झालं नाही" असा तो होत नाही. घरच्यांनी हे समजून घेतलं तर "रिपोर्ट चांगला आहे, उगाच कुरकुरतात" हे वाक्य बऱ्याच घरांतून कमी होईल.

बहुतेकांचा हा त्रास काही आठवड्यांत उतरतो. काहींचा मात्र तीन महिन्यांच्या पुढेही रेंगाळतो. डोकेदुखी, चक्कर, आवाज-उजेड नकोसा होणं, विसरणं, चिडचिड, झोप बिघडणं, दिवसभर गळून गेल्यासारखं वाटणं, असं त्याचं रूप असतं.

आता हृदयाच्या रुग्णाची यादी पाहा. थकवा, चक्कर, धडधड, झोप नाही, मन उदास. जवळजवळ तीच. त्यातलं काही आजारामुळे, काही गोळ्यांमुळे. ठोक्यांचा वेग आवरणाऱ्या मेटोप्रोलॉलसारख्या बीटा ब्लॉकर गोळ्यांनी काहींना थकवा येतो, रक्तदाबाच्या गोळ्यांनी उठताना अंधारी येते.

शिवाय हे दोन अवयव एकमेकांपासून वेगळे नाहीत. हृदयाचा वेग, रक्तवाहिन्यांचा ताण, घाम, पचन हे सगळं आपल्या नकळत चालवणारी एक मज्जासंस्था असते. तिचा कारभार मेंदूच्या बुंध्यातून चालतो. हादऱ्यानंतर काही जणांत या कारभाराचीच घडी विस्कटते. माणूस उठून उभा राहिला की पायांकडे उतरणारं रक्त वर ढकलण्यासाठी रक्तवाहिन्या आवळायला हव्यात आणि ठोके थोडे वाढायला हवेत. तो हुकूम उशिरा सुटतो किंवा नको तितका जोरात सुटतो. हृदय धडधाकट असलं तरी धडधड होते. आणि ज्याचं हृदय आधीच दुखणाईत आहे, ज्याने ठोके वाढूच नयेत म्हणून गोळी घेतली आहे, त्याच्याबाबतीत कोणता भाग कशाचा हे डॉक्टरलाही एका भेटीत सांगता येत नाही.

म्हणून रुग्णाने काय सांगितलं यावर फार काही ठरतं. आणि तिथेच भाषा आडवी येते.

एक शब्द, चार त्रास

मराठीत आपण सगळ्यालाच 'चक्कर' म्हणतो. बेळगावात कन्नड डॉक्टरांपुढे तेच 'तले सुत्तुत्तदे' होतं, वडोदऱ्यात 'चक्कर आवे छे', हैदराबादेत 'कळ्ळु तिरुगुतुन्नायि'. रुग्ण एक शब्द बोलतो, डॉक्टर एक शब्द लिहितात आणि चक्कर थांबवणारी गोळी मिळते. पण त्या एका शब्दाखाली निदान चार वेगळे त्रास लपलेले असतात आणि चारांचे उपचार चार.

पहिला, गरगरणं. अंथरुणात कूस बदलली, मान वर करून फडताळातला डबा काढला, दोरीवर कपडे वाळत घातले, की घर गरगर फिरतं. ते एखाद्या मिनिटाच्या आत थांबतं आणि मान तशीच वळवली की पुन्हा येतं. आपल्या कानाच्या आत तोल सांभाळणारे कॅल्शियमचे सूक्ष्म कण असतात. डोक्याला मार बसल्यावर ते जागचे हलून भलत्या नळीत शिरतात, त्यामुळे असं होतं. याला हृदय जबाबदार नाही आणि मेंदूही नाही. कान-नाक-घसा तज्ज्ञ किंवा जाणकार फिजिओथेरपिस्ट डोकं ठरावीक दिशांनी वळवून ते कण परत जागी बसवतात. या पद्धतीला एप्लीची कृती म्हणतात. पुष्कळदा एक-दोन वेळांतच फरक पडतो, गोळीची गरज राहत नाही. मात्र पडताना मानेला मार बसलेला असेल तर आधी मान तपासून घ्यायची. व्हिडिओ पाहून घरी प्रयोग नको.

दुसरा, अंधारी येणं. हे उठताना किंवा बराच वेळ उभं राहिल्यावर होतं. डोळ्यांपुढे काळोख, डोकं हलकं, पुन्हा बसलं की बरं. हा रक्तदाबाचा मामला. घरी यंत्र असेल तर तो मोजताही येतो. पाच मिनिटं आडवं पडून एकदा रक्तदाब बघायचा, मग उभं राहून एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी पुन्हा बघायचा. वरचा आकडा २० किंवा त्याहून जास्त, अथवा खालचा १० किंवा त्याहून जास्त उतरत असेल, तर ते कागदावर लिहून डॉक्टरांना दाखवायचं. मोजताना शेजारी कुणीतरी उभं हवं. गुरुजींसारखे ठोके अनियमित असतील तर यंत्राचा एक आकडा फसवा ठरू शकतो, म्हणून दोन-तीनदा मोजून सरासरी धरायची.

तिसरा, झोक जाणं. घर फिरत नाही, काळोखही येत नाही, पण पायांखालची जमीन बोटीसारखी वाटते. बाजारात गर्दीत गेल्यावर, दुकानातल्या रंगीत फळ्यांकडे पाहिल्यावर, मोबाईल वर सरकवताना ते वाढतं. डोळे, कान आणि मान यांच्याकडून येणाऱ्या खबरांचा मेळ मेंदूला घालता येत नाही, त्याचा हा परिणाम. यावर नजर स्थिर ठेवण्याचे, तोल सांभाळण्याचे व्यायाम आहेत. ते आठवड्यांनी काम करतात, पण करतात.

चौथा त्रास सर्वांत वेगळा. काहीही पूर्वसूचना नाही, बसल्याजागी एकदम शुद्ध हरपते, किंवा धडधड सुरू होऊन पाठोपाठ डोळे मिटतात. हा ठोक्यांचा बिघाड असू शकतो आणि त्याला थांबायला वेळ नसतो. त्याच दिवशी दवाखाना.

इथेच एक प्रश्न मागे जाऊन विचारायला हवा. गुरुजी पायरीवरून पडले ते पाय सरकला म्हणून, की आधी अंधारी आली आणि मग पाय सरकला? पावसाळा होता म्हणून सगळे शेवाळाला दोष देतात. पण हृदयाचा रुग्ण पडला की पडण्याचं कारण हृदयात असण्याची शक्यता असतेच. रुग्णाला पडण्यापूर्वीचे क्षण आठवत नसतील तर पाहणाऱ्याला विचारायचं: पडताना हात पुढे टाकले का? चेहरा पांढरा पडला होता का? शुद्धीवर येताच नीट बोलले का? ही साक्ष ईसीजीइतकीच मोलाची आहे. संशय असेल तर डॉक्टर चोवीस तास किंवा त्याहून जास्त ठोके नोंदवणारं होल्टर यंत्र लावतात.

गोळी बंद करायची का?

आता शेजाऱ्यांचा सल्ला. अनियमित ठोक्यांच्या आजारात हृदयाचा वरचा कप्पा नीट आकुंचन पावत नाही, नुसता थरथरतो. त्याच्या कोपऱ्यात रक्त साकळून गुठळी होते, ती सुटून मेंदूत गेली की पक्षाघात. गोळी ती गुठळी होऊ देत नाही. रक्त काही पाण्यासारखं पातळ होत नाही, ते गोठायला वेळ लागतो इतकंच. एपिक्साबान, रिव्हरॉक्साबान, डॅबिगॅट्रान या नव्या गोळ्यांचा असर साधारण दिवसभरात ओसरतो. म्हणजे मनाने गोळी सोडली की संरक्षण लगेच उतरणीला लागतं. स्टेंट नवा असेल तर धोका आणखी वेगळा: ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल अचानक थांबवल्याने स्टेंटमध्येच गुठळी होऊन हृदयविकाराचा झटका येऊ शकतो. धातूची झडप बसवलेल्या रुग्णाने तर हा विचारसुद्धा करू नये.

पण शेजाऱ्यांची भीती अगदीच निराधार नाही, हेही सांगायला हवं. या गोळ्या घेणाऱ्याच्या डोक्याला मार बसला तर रक्तस्रावाचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो. म्हणूनच डॉक्टर अशा रुग्णाचा सीटी स्कॅन लवकर काढायला सांगतात. शिवाय पहिला स्कॅन स्वच्छ असला तरी पुढे काही आठवड्यांनी कवटी आणि मेंदू यांच्यामध्ये हळूहळू रक्त साचू शकतं. वय वाढलं की मेंदू किंचित आकसतो, तिथल्या बारीक शिरा ताणलेल्या असतात, त्या झिरपत राहतात. रुग्ण आधी सुस्त होतो, मग चालताना एका बाजूला झुकतो, बोलण्यात गोंधळ होतो आणि घरचे म्हणतात, "वय झालं."

ओळखायचं कसं? हादऱ्याचा त्रास चढउतार करत का होईना, हळूहळू कमी होत जातो. दर आठवड्याला डोकेदुखी वाढतच चालली असेल, झोप अनावर होत असेल, वागण्यात बदल दिसत असेल, तर पुन्हा स्कॅन करायला हवा. "मागच्या महिन्यात केला होता" हे उत्तर चालत नाही. वारंवार उलटी, उठवूनही न उठणं, फिट, एक बाहुली मोठी दिसणं, नाकाकानातून पाण्यासारखा द्रव, बोलणं अडखळणं, एक हात-पाय ढिला पडणं, तोंड वाकडं होणं यांपैकी काहीही दिसलं तर वाट पाहायची नाही. छातीवर दडपण, घाम, धाप ही हृदयाची लक्षणंही त्याच यादीत. १०८ हा नंबर कर्नाटक, गोवा, महाराष्ट्र, गुजरात, मध्य प्रदेश, तेलंगणा सगळीकडे चालतो.

तेव्हा गोळीचं काय करायचं, याचं उत्तर एकच: निर्णय डॉक्टरांचा, पण त्याच दिवशी. ज्यांनी गोळी सुरू केली त्यांना फोन करून डोक्याला मार बसल्याचं कळवायचं. कधी ते गोळी सुरू ठेवतात, कधी काही दिवस थांबवून पुन्हा सुरू करण्याची तारीख देतात. ती तारीख लिहून घेणं फार महत्त्वाचं. थांबवलेली गोळी पुन्हा सुरूच झाली नाही, असं होणं सोपं असतं, कारण थांबवणारे डॉक्टर एका गावचे आणि सुरू करणारे दुसऱ्या गावचे.

एक बारीक गोष्ट इथेच. हादऱ्यानंतर विसराळूपणा येतो. सकाळची गोळी घेतली की नाही हे गुरुजींना आठवत नाही, म्हणून ते आणखी एक घेतात. ही गोळी दोनदा घेण्यासारखी नाही. वारांचे कप्पे असलेली डबी आणि काकूंची कॅलेंडरवरची खूण, एवढं पुरे होतं. औषधांच्या नावांचाही घोळ असतो. म्हापशाच्या दुकानातली पट्टी वेगळ्या कंपनीची, बेळगावची वेगळ्या. आत औषध तेच. दोन्ही चालू राहिल्या तर मेटोप्रोलॉल दुप्पट आणि नाडी मंद. पट्टीवर ठळक छापलेलं नाव सोडून त्याखालचं बारीक अक्षरांतलं मूळ औषधाचं नाव वाचायचं.

डोकेदुखीची गोळी, चक्कर येण्यावरची गोळी

डोकं दुखतंय म्हटल्यावर दुकानदार जी गोळी पुढे करतो, ती हृदयाच्या रुग्णाला चालेलच असं नाही. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन यांसारख्या वेदनाशामकांनी रक्तदाब चढतो, हृदय कमजोर असेल तर अंगात पाणी साठतं आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळीसोबत पोटात रक्तस्रावाची भीती वाढते. पॅरासिटामॉल त्यातल्या त्यात सुरक्षित, तेही डॉक्टरांनी सांगितलेल्या मर्यादेत. वॉरफेरिन किंवा असेनोकुमारोल घेणाऱ्यांनी रोज पॅरासिटामॉल घेतली तर रक्त गोठण्याच्या चाचणीचा, म्हणजे आयएनआरचा आकडा वर जाऊ शकतो. तेव्हा ती चाचणी लवकर करून घ्यायची. आणि महिन्यातले १५ किंवा अधिक दिवस साधी वेदनाशामक गोळी घेतली जात असेल, तर गोळीमुळेच डोकं दुखायला लागतं. हे खरं वाटत नाही, पण डोकेदुखीच्या तज्ज्ञांकडे असे रुग्ण रोज येतात.

अर्धशिशीवरची ट्रिप्टान गटातली औषधं हृदयाच्या रक्तवाहिन्या आकुंचित करू शकतात, त्यामुळे स्टेंट किंवा झटक्याचा इतिहास असेल तर ती वर्ज्य. डोकेदुखी आणि झोप यांसाठी रात्री दिली जाणारी ॲमिट्रिप्टिलिन काहींना उपयोगी पडते, पण ती ठोक्यांवर आणि उभं राहतानाच्या रक्तदाबावर परिणाम करते. मळमळीवरच्या डोम्पेरिडोन, ऑन्डान्सेट्रॉन यांच्याबाबतीतही ठोक्यांचा विचार करावा लागतो. आपल्याकडे पित्ताच्या कॅप्सूलमध्ये डोम्पेरिडोन मिसळलेलं असतं आणि ती चिठ्ठीशिवाय घेतली जाते. मेंदूच्या डॉक्टरांना हृदयाच्या गोळ्या दाखवल्याशिवाय त्यांनी तरी नेमकं काय ठरवायचं?

चक्कर येण्यावरच्या प्रोक्लोरपेराझिन, सिनारिझिन या गोळ्या दोन-चार दिवसांपुरत्या ठीक. महिनोन्‌महिने चालू ठेवल्या तर मेंदू स्वतःहून तोल सावरायला शिकतो ती प्रक्रियाच मंदावते, आणि वयस्कर माणसांत हात थरथरणं, चाल जड होणं असे परिणाम दिसतात.

घरगुती औषधांचंही लपवू नये. ज्येष्ठमधाचा काढा रोज घेतला तर रक्तदाब वाढतो आणि पोटॅशियम उतरतं. डिगॉक्सिन घेणाऱ्याला ते धोक्याचं. मेंदूला चांगली म्हणून दिली जाणारी गिंको, लसणाच्या कॅप्सूल यांनी रक्तस्रावाकडे कल वाढण्याची शंका असते. असेनोकुमारोल किंवा वॉरफेरिन घेणाऱ्यांनी मेथी-पालक बंद करायचं नाही, पण एका आठवड्यात रोज आणि पुढच्या आठवड्यात अजिबात नाही, असंही करायचं नाही.

मीठ-पाणी: एकाला औषध, दुसऱ्याला अपाय

उभं राहिलं की नाडी भरमसाठ धावते, अशा हादऱ्याच्या तरुण रुग्णाला डॉक्टर सांगतात, पाणी भरपूर प्या, मीठ थोडं वाढवा. ज्याचं हृदय कमजोर आहे त्याला हृदयाचे डॉक्टर सांगतात, पाणी मोजून प्या, मीठ कमी. दोन्ही सल्ले आपापल्या जागी बरोबर. दोन्ही एकाच माणसाला लागू झाले तर? घरात कुणाला अंधारी आली की मीठ-साखरेचं लिंबूपाणी पुढे येतं. कमजोर हृदयाच्या रुग्णाला असं दिवसातून चारदा दिलं तर चार दिवसांत पायांवर सूज आणि रात्री धाप. अशा रुग्णाची अंधारी कमी करायला दुसरे मार्ग आहेत: पलंगाच्या कडेला मिनिटभर बसून मग उठणं, उठण्यापूर्वी पोटऱ्या आवळून सोडणं, गरम पाण्याची लांबलचक अंघोळ टाळणं आणि लघवी वाढवणाऱ्या किंवा रक्तदाबाच्या गोळीची वेळ-मात्रा डॉक्टरांकडून बदलून घेणं. सकाळी वजन करून लिहून ठेवलं तर अंगात पाणी साठतंय का, हे सुजेच्या आधी कळतं.

चहा-कॉफी थोडी चालेल. दारू मात्र या काळात कोणत्याच बाजूने चालत नाही: हादरलेल्या मेंदूला ती नको आणि अनियमित ठोक्यांनाही नको. गोव्याच्या पाहुणचारात हे सांगणं कठीण जातं, तरी सांगावं.

किती चालायचं

पूर्वी डोक्याला मार बसलेल्याला अंधाऱ्या खोलीत पडून राहायला सांगत. आता तसं सांगत नाहीत. खेळाडूंच्या डोक्याच्या दुखापतींवर २०२२ मध्ये ॲमस्टरडॅमला तज्ज्ञांची आंतरराष्ट्रीय परिषद झाली. तिच्या निवेदनाचा रोख असा की पहिले एक-दोन दिवस आराम, मोबाईल-टीव्ही कमी, आणि त्यानंतर हळूहळू हालचाल. पूर्ण बरं वाटेपर्यंत निजून राहण्याने फायदा होत नाही. अमेरिकेतल्या बफेलो विद्यापीठात जॉन लेडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यासाठी एक पद्धत बसवली. रुग्णाला पट्ट्यावर चालवायचं, त्रास ज्या नाडीला वाढतो तो आकडा धरायचा आणि त्याच्या थोडं खालच्या वेगाने रोज व्यायाम द्यायचा.

ही पद्धत गुरुजींना जशीच्या तशी लागू पडत नाही. बीटा ब्लॉकरमुळे त्यांची नाडी वाढतच नाही आणि ठोके अनियमित असल्याने मनगटावरच्या घड्याळाचा आकडाही भरवशाचा नाही. त्यांच्यासाठी जुनी खूण बरी: चालताना बोलता आलं पाहिजे, पण अभंग म्हणता येणार नाही इतपत दम लागला पाहिजे. सपाट रस्ता, सकाळचा थंड वेळ, सोबत कुणीतरी. दहा मिनिटांपासून सुरुवात. चालताना डोकं थोडं जड झालं आणि तासाभरात उतरलं तर दुसऱ्या दिवशी तेवढंच चालायचं. दिवसभर डोकं धरून बसावं लागलं तर पुढच्या वेळी कमी. छातीत दुखलं, धाप वाढली किंवा अंधारी आली तर तिथेच थांबायचं, आणि तो हिशेब डोक्याच्या खात्यात मांडायचा नाही. हृदयाच्या डॉक्टरांना कळवायचं.

वाचनही असंच. गुरुजींनी पेपर पूर्ण वाचायचा हट्ट धरला तर दुपार वाया जाते. आधी मथळे, मग एक बातमी, मध्ये डोळे मिटून पाच मिनिटं. चिडचिड आणि रडू येणं हाही आजाराचाच भाग. हृदयविकारानंतर उदासी येणं डॉक्टरांना नवीन नाही, डोक्याच्या मारानंतरही नाही. दोन्ही एकत्र आल्यावर माणूस गप्प होतो, गोळ्या सोडतो, जेवण सोडतो. दोन आठवड्यांहून जास्त असं राहिलं तर मनाच्या डॉक्टरांकडे जाण्यात कमीपणा नाही. फक्त त्यांनाही रक्त पातळ करणारी गोळी सांगायची, कारण उदासीवरच्या काही गोळ्यांनी रक्तस्रावाची शक्यता थोडी वाढते.

खिशातला कागद

कुणी बेळगावहून मिरजेला जातो, कुणी बांबोळीला गोमेकॉत, कुणी पुण्याला. जुने कागद कपाटात, नवे पिशवीत आणि प्रत्येक डॉक्टरांपुढे अर्धी गोष्ट. गुरुजींच्या पाकिटात घडी घालून ठेवता येईल असा एकच कागद हवा. त्यावर मूळ औषधांची नावं, मात्रा आणि वेळ. स्टेंट कधी बसला. पेसमेकर असेल तर त्याचं कार्ड. सीटीला त्याने अडचण येत नाही, एमआरआयच्या आधी मात्र ते दाखवावंच लागतं. डोक्याला मार बसल्याची तारीख. आणि चक्कर कोणत्या प्रकारची, कधी येते, किती वेळ टिकते. शक्य तर इंग्रजीत, कारण तो कागद कुठल्या राज्यातल्या डॉक्टरांच्या हाती पडेल सांगता येत नाही.

मार बसल्याची तारीख तर ठळक अक्षरांत हवी. समजा दोन महिन्यांनी मध्यरात्री गुरुजींच्या छातीत दुखू लागलं आणि जवळच्या छोट्या दवाखान्यात नेलं. झटका ओळखून तिथले डॉक्टर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन द्यायला घेतील, कारण आडगावात तोच झटपट उपाय असतो. पण गेल्या तीन महिन्यांत डोक्याला मोठा मार बसलेल्या माणसाला ते इंजेक्शन सहसा देत नाहीत. मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे, हेही तेव्हाच सांगावं लागतं. अशा वेळी रुग्णाला अँजिओप्लास्टीची सोय असलेल्या ठिकाणी हलवावं लागतं. पायरीवरून पडल्याची गोष्ट त्या धावपळीत कुणाला आठवणार? काकूंना आठवेल, पण त्या रडत असतील. जावई म्हापशाला असतील. कागद खिशात असेल.

राहता राहिली स्कूटर. खानापूरहून पेन्शनच्या कामाला, बाजाराला गुरुजी स्वतःच जात. अंधारी किंवा गरगरणं चालू आहे तोवर किल्ली काकूंकडे राहिलेली बरी. शुद्ध हरपलेली असेल तर दोन्ही डॉक्टरांनी तोंडाने "चालवा" म्हणेपर्यंत. त्यावरून घरात वाद होणार. गुरुजी म्हणतील, चाळीस वर्षं चालवतोय. तोपर्यंत बस आहे, शेजाऱ्यांची गाडी आहे, आणि गोळी बंद करायला सांगणारे तेच शेजारी बाजारापर्यंत सोडायला एका पायावर तयार असतात.